आकडा एक

ती बातमी मीच पानावरून काढून टाकली. जागा नव्हती असं नंतर पुष्कळांना सांगितलं, पण जागा होती. शहराबाहेर मिहानकडच्या एका बांधकामावर पाचव्या मजल्यावरून पडून मजूर मेला, अशा सात ओळी आमच्या वार्ताहराने पाठवल्या होत्या. शहराचं पान मी लावत असे. त्याला फोन करून मी विचारलं, "आकडा किती?"

"एकच."

एकाची बातमी आमच्याकडे संक्षिप्तमध्ये, म्हणजे छोट्या बातम्यांच्या रकान्यात जायची. त्या दिवशी त्याच भागात कुणाला तरी बिबट्या दिसला होता. मी संक्षिप्त उडवलं आणि बिबट्याचा फोटो मोठा केला. फोटो जुना होता, भलत्याच जंगलातला. बिबट्या आम्ही तीन दिवस चालवला.

चौथ्या दिवशी त्या मजुराची बायको सक्करदऱ्याहून ऑफिसात आली. ठेकेदार म्हणत होता, हा माणूस आमच्या कामावर नव्हताच. सोबतचे मजूर त्याने दुसरीकडे पाठवून दिले होते. वकिलाने तिला सांगितलं होतं, त्या तारखेचं काहीतरी छापलेलं आणा. तिने नवऱ्याचा फोटो माझ्या टेबलावर ठेवला आणि कात्रण मागितलं.

"आलं नाही," मी म्हणालो.

"काहून नाही आलं, भाऊ? तुमचा माणूस तर मले सारं विचारून गेला."

"मावशी, एकट्याची बातमी होत नाही. तीन-चार असते तर केली असती."

तिने टेबलावरचा अंक पाहिला. "त्या बिबट्यानं खाल्लं असतं त्याले, तर छापलं असतं काय?"

शेजारचा सहकारी म्हणाला, "अरे मावशी, मग तर डायरेक्ट पहिलं पान!"

तो हसला. मीही हसलो. तिने फोटो उचलून पिशवीत ठेवला.

तिची केस टिकली नाही. सहा-सात महिन्यांनी वार्ताहराने चहा पिता पिता सहज सांगितलं. मी पत्ता घेऊन तिच्या घरी गेलो. तिने लगेच ओळखलं.

"आता छापून राहिले काय?"

"नाही. आता जुनी झाली."

"मग कशाले आले?"

आत या, असं ती म्हणाली नाही. मी दारातच उभा होतो.

"ताई, बातमी माझ्याकडे आली होती. मीच ती काढून टाकली. आणि तुमच्या तोंडावर हसलो. मला माफ करा."