त्यांच्यासाठी घेतलेले वास

रोह्याजवळच्या वरसे गावात आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा स्वयंपाकघराला लागून एक लहानशी खोली मिळाली. तिथे मी तांदळाचे डबे ठेवणार होते. यांनी बाटल्या ठेवल्या.

यांना पिण्यापेक्षा चव बघायचा नाद. हे रोह्याच्या एका रसायनांच्या कंपनीत शिफ्टला असायचे. रविवारी सुट्टी आली की पेणहून यांचे एक मित्र यायचे. शाळेपासूनची दोस्ती, मी त्यांना भावजी म्हणते. नाशिकची वाइन, गोव्याची गोड पोर्ट, माझ्या दिरांनी बोटीवरून येताना आणलेली जर्मनीची बिअर असं काहीबाही दोघं ग्लासांत थोडंथोडं ओतायचे, हुंगायचे, आणि दुपारभर त्यावर बोलत बसायचे. मी कोळंबी तळून पुढे ठेवायची आणि आतल्या खोलीत निघून जायची.

मला बाटलीचीच अढी होती. माझं माहेर पेणच्या खाडीकडचं. वडील मिठागरावर कामाला होते आणि संध्याकाळी गावठी पिऊन घरी यायचे. त्यांनी कधी कुणावर हात उगारला नाही, पण जेवता जेवता ताटावरच डोळा लागायचा, मग आई त्यांचा हात धुऊन त्यांना आत न्यायची. लग्न ठरताना मी एकच विचारलं होतं, तुम्ही पिता का? "कधीमधी, थोडी," असं यांनी सरळ सांगितलं. लपवलं नाही म्हणून मी हो म्हटलं.

मग एका तापात यांचं नाक गेलं. ताप उतरला, अंगात ताकद आली, वास मात्र परतला नाही. मी सुकट भाजत होते, वास जिन्यापर्यंत गेलेला, आणि हे ओट्याजवळ येऊन विचारतात, "आज कालवण कसलं?" मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले.

कंपनीत ही गोष्ट लपवता आली असती. पण प्लांटवर नाक लागतं, कुठे काही गळत असेल तर पहिल्यांदा वासच येतो. यांनी स्वतःच साहेबांना सांगितलं. साहेबांनी यांना स्टोअरमध्ये बसवलं. तिथे काम हलकं होतं, पण घरी आल्यावर हे कुणाशी बोलेनासे झाले. डॉक्टरांनी रोज लवंग, लिंबू हुंगायला सांगितलं होतं. काही दिवस केलं, मग सोडून दिलं. मासळी काय, वरण काय, सगळं सारखंच लागायचं. पुढे पुढे ताटात अर्धं टाकून उठायला लागले.

एका रविवारी यांनी मित्राला बोलावून घेतलं. "सगळ्या घेऊन जा. माझ्या काय कामाच्या नायत आता."

भावजी पिशवी घेऊन आले होते. त्या छोट्या खोलीत उभं राहून एकेक बाटली कागदात गुंडाळायला लागले. हे बाहेर पाठ करून बसलेले. त्या पाठीकडे बघून मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हटलं, "भावजी, राहू द्या. एक उघडा."

"कशाला वहिनी?"

"मी वास घेते आणि यांना सांगते."

हे वळले. "तुला वासानं मळमळतं."

"बघू."

भावजींनी नाशिकची पांढरी वाइन ओतली. मी ग्लास नाकाशी नेला. वडिलांच्या तोंडाला यायचा तोच भपका येईल असं धरून चालले होते. तो आला नाही. "पेरू," मी म्हटलं. "पिकलेला नाय, जरा कच्चा. आणि हिरवी मिरची मोडल्यावर येतो तसा काहीतरी."

यांनी घोट घेतला, डोळे मिटले. "आंबट लागतंय," म्हणाले. "पेरू आठवतोय. येत नाय, पण आठवतोय."

तेव्हापासून रविवारी मी बाहेर बसायला लागले. मला वाइनचे शब्द येत नव्हते, जे ठाऊक होतं तेच सांगायची. गोव्याच्या पोर्टला गूळ आणि मनुका. एका काळ्या बिअरला तव्यावर करपलेली नाचणीची भाकरी. दिरांनी दिलेली एक जर्मन पांढरी वाइन हुंगून मी खाली ठेवली. "ही बिघडलीय. रॉकेलचा वास येतोय."

भावजी हसले. हे मात्र सावरून बसले. "रॉकेल? नक्की?"

"नक्की. चुलीवर ओतायचे ना, तसं."

"बिघडलेली नाय ती. त्या जातीच्या द्राक्षाच्या वाइनला येतो तसा वास, मी वाचलं होतं. मला कधी सापडला नव्हता." किती महिन्यांनी ते असे मोकळे हसले होते.

माझी आई एकदा अशाच रविवारी आली. दारातूनच तिला माझ्या हातातला ग्लास दिसला. तिचा चेहरा उतरला.

"तू पण गो?"

"वास घेतेय, आई. यांना येत नाय म्हणून."

ती चप्पल काढून माझ्या शेजारी बसली. थोड्या वेळानं तिनं तो ग्लास उचलला, हुंगला आणि परत ठेवला. "तुझ्या बापाच्या दारूला असा नव्हता," एवढंच म्हणाली. मग यांना विचारलं, "जेवण तरी जातं का तुम्हाला?"

"आता जातं, आई," हे म्हणाले.

वास परत आला तो वाकडातिकडा आला. आधी चहाला रबर जळल्यासारखा वास यायला लागला, मग कांद्याला. हे वैतागले, पण डॉक्टर म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे. पुढे एका दुपारी गव्हाची बिअर उघडली होती. मी अजून ग्लासला हात लावला नव्हता, तोच हे म्हणाले, "केळं."

भावजींनी बाटली खाली ठेवली. यांनी पुन्हा वास घेतला. "वेलची केळं. थांब, सांगू नको. लवंग पण हाय."

मी हुंगून बघितलं. होती. डोळे भरून आले म्हणून मी कोळंबी बघायच्या निमित्तानं आत गेले.

सगळं काही परतलेलं नाही. लाल वाइनमधलं यांना अजून फारसं कळत नाही, आणि हे स्टोअरमध्येच आहेत. तिथे आता रुळले. मी वाइन पीत नाही, आवडलीच नाही. गव्हाची बिअर मात्र अर्धा ग्लास घेते. परवा कोलाडच्या एका ओळखीच्यांनी हिमाचलची सफरचंदाची वाइन आणून दिली. यांना तिच्यात ओल्या गवताचा वास आला, मला काही केल्या येईना. भावजी म्हणाले, दोघांचंही चूक, हा फणसाचा वास आहे. त्यावर संध्याकाळपर्यंत आमचं भांडण चाललं.