शेवाळावरचा इलाज

पिंपळे सौदागरच्या एका शोभेच्या माशांच्या दुकानाचा तो मालक. आधी चाकणला लोखंडी भागांवर मुलामा चढवणाऱ्या प्लेटिंगच्या कंपनीत होता. बोटांवर ॲसिडचे डाग अजून होते. माझ्या घरच्या माशांच्या टाकीतल्या वनस्पतींवर शेवाळ चढलं, म्हणून मी बाटलीभर पाणी त्याच्याकडे नेलं.

त्याने बाटली उजेडात धरली, मग हुंगली.

"खत रोज घालता?"

"थोडंसंच. काही केल्याशिवाय चैन पडत नाही."

"कंपनीत आमी दर शिफ्टला रसायन तपासून वाढवायचो. तिथं लोखंड होतं, राव. हितं जीव हाय. आठवड्यातून एकदाच खत घाला, दिवा कमी करा, आन् हात मागं बांधून बसा."

महिन्याभरात शेवाळ गेलं, पाणी नितळलं. सांगायला गेलो, तर तो स्वतःच्या टाकीसमोर उभा होता. आत एक पान पिवळं पडलं होतं. त्याने हात मागेच बांधले होते, पण एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.