वीतभर लांबून

घड्याळजींचा उभा जन्म चार बोटांच्या अंतरात गेला. डोळ्यात भिंग, भिंगाखाली उघडं घड्याळ आणि त्या घड्याळात शिरलेला माणूस. गिऱ्हाईक समोर येऊन खाकरलं तरी ते चटकन बाहेर येत नसत. आत पितळेचं ऊन पडलेलं असायचं. लाल खड्यांच्या काठाने दातेरी चाकं संथ फिरायची आणि तेलाचा एवढासा थेंब तळ्यासारखा पसरलेला दिसायचा. अशा ठिकाणाहून कुणाला परत यावंसं वाटेल?

मग उजवा हात कापायला लागला. आधी चहाच्या कपाशी, नंतर चिमट्यात. एके दिवशी केसासारखी बारीक स्प्रिंग उडाली ती पुन्हा दिसलीच नाही. घड्याळजींनी दुकान भाच्याच्या हवाली केलं आणि घरी बसले. पण घर त्यांना फार मोठं वाटू लागलं. सगळंच लांब, सगळंच ढोबळ. त्या बारीक जगात आता आपल्याला कुणी उभं करणार नाही, असं ते बायकोला हसत म्हणाले. हसणं ओठांपुरतंच होतं, हे तिला कळलं.

कॅमेऱ्याचं तिनेच काढलं. मुंगीचे पाय ताटाएवढे दाखवणारे फोटो लोक काढतात, हात कापला म्हणून डोळा थोडाच कापतो, असं म्हणत तिने त्यांना कॅमेऱ्यांच्या दुकानात नेलं.

दुकानातली बाई शांत होती. तिने कॅमेरे मांडले, तेव्हा घड्याळजींनी फारसा घोळ घातला नाही. मागचा पडदा वर वळणारा, मान न मोडता बघता येईल असा एक त्यांनी उचलला. घोडं अडलं ते लेन्सपाशी. बाईने दोन पुढे ठेवल्या. बारीक वस्तू दोन्हींत सारखीच मोठी दिसते, ती म्हणाली. मात्र आखूड लेन्स वस्तूच्या अगदी अंगाशी न्यावी लागते, लांब लेन्स वीतभर मागे राहून काम करते. अंगाशी म्हटल्यावर घड्याळजींना माहेर भेटलं. त्यांनी आखूड लेन्स लावली आणि खिडकीच्या चौकटीवर ऊन खात बसलेल्या इवल्याशा कोळ्याकडे निघाले.

सवयीने नाक टेकेपर्यंत गेले. पडद्यावर अंधार झाला, कारण उजेड त्यांच्याच डोक्याने अडवला होता. कोळी टुणकन बाजूला झाला. पुन्हा गेले, पुन्हा तेच.

"ते घड्याळ नाही हो," बायको म्हणाली. "त्याला पाय आहेत."

मग लांब लेन्स लावली. आता कोळी हलला नाही, उजेडही अडला नाही. पण तिच्या वजनाने हात आणखी कापू लागला आणि कोळ्याच्या जागी धुक्याचा एक लोळ उमटला. जवळ जावं तर आपली सावली, लांब राहावं तर आपला हात. घड्याळजींनी कॅमेरा खाली घेतला. चेहरा पार उतरला. बाईने तीन पायांचं स्टँड आणलं, पण त्याचे पाय लांबवेपर्यंत कोळी चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात पोचला होता.

बायको चौकटीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

"ठेवा खांद्यावर," ती म्हणाली. "आणि मानेला गुदगुल्या नकोत."

त्यांनी लेन्स तिच्या खांद्यावर टेकवली. नाजूक चाक बसवताना ते अर्धा श्वास सोडून थांबत, तसे आताही थांबले. तीही थांबली. धुकं विरत गेलं. राखाडी केसांचं रान उभं राहिलं, रानात डोळ्यांची काळी गोल तळी चमकली आणि प्रत्येक तळ्यात एक खिडकी, खिडकीत ऊन. दुकान, काउंटर, बाहेरचा रस्ता, सगळं कुठेतरी मागे राहिलं. घड्याळजी तिथे पोचले होते, आणि त्यासाठी कोळ्याला हाकलावं लागलं नव्हतं.

हीच लेन्स बांधा, असं ते बाईला हळूच म्हणाले. स्टँडही बांधू का, तिने विचारलं. त्यांनी मान हलवली नाही, हलवली असती तर चित्र हललं असतं.

"श्वास घेऊ का आता?" बायकोने विचारलं.

"थांब जरा," घड्याळजी कुजबुजले. "तो आपल्याकडे बघतोय."