कुंकू लागलेला चेक

ढाणकीचा प्लॉट आईच्या नावावर होता. तो विकला गेला तेव्हा अर्धे पैसे तिने भावाच्या खात्यात टाकले. बँकेतून, दिवसाढवळ्या. कुणी चकार शब्द काढला नाही. उरलेले मला देणार, असं ती म्हणाली मात्र, घरात सगळ्यांना इन्कम टॅक्स आठवला.

मी नवऱ्याचं घर सोडून पुसदला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते, शाळेत शिकवत होते. मला माझ्या नावाचं घर घेऊन द्यायचं, हे आईने मनात पक्कं केलं होतं. ती राहायची उमरखेडला, भावाकडे. भाऊ म्हणाला, "तिले रोख देऊन टाक न आई. कागदावर कायले? फुकटचा टॅक्स लागते. आन् लोकं इचारतात, पोरीले एवढे काहून देल्ले म्हनून."

खरं कारण ते शेवटचं होतं. माझं डोकंच फिरलं. मुलाला दिलं की तो त्याचा हिस्सा, आणि मुलीला द्यायचं ते पदराआड लपवून! मला लपवलेलं काहीही नको होतं.

गंमत म्हणजे रोख आईलाही हवी होती. तिला ते पैसे तांदूळ-नारळासोबत माझ्या ओटीत घालायचे होते. शेवटी मी तिला कर सल्लागाराकडे नेलं.

"काकू," तो म्हणाला, "आई-बापानं लेकराले कितीबी देल्लं त टॅक्स नाई. तुमाले नाई, हिलेबी नाई. पण रोख दोन लाख का त्याच्यावर घेतले, त जेवढे घेतले तेवढाच दंड. आन् तो घेनाऱ्याले."

म्हणजे भावाचं ऐकलं असतं तर दंड माझ्याच बोकांडी बसला असता. चेक द्या आणि एक भेटपत्र, म्हणजे पैसे भेट दिल्याचा कागद, करून त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, असं त्याने सांगितलं.

शुक्रवारी आईने पाट मांडला. आई विधवा, म्हणून ओटी भरायला आत्या पुढे झाली. आईने तिचा हात बाजूला सारला. "माहे पैसे, माही लेक. ओटी मीच भरीन." तिने तांदूळ घातले, नारळ ठेवला, वर चेक ठेवला आणि हळदीकुंकू असं सढळ हाताने वाहिलं की माझा पदर लाल झाला. मी रडले, आणि त्याची मला अजिबात लाज वाटली नाही.

चेकही लाल झाला होता. ओलं कुंकू नेमकं सहीवर पसरलेलं. बँकेने तो परत केला.

"म्हनून म्हनलं होतं, रोख दे," भाऊ म्हणाला. आत्या अपशकुनाचं काहीतरी पुटपुटली, पण भेटपत्रावर तिने सही केली.

आईने चेकबुक मागवलं आणि दुसरा चेक लिहिला. मग भेटपत्र भावापुढे सरकवलं. "दुसरा साक्षीदार पायजे. कर सही."

"मी काहून?"

"लोकं इचारतात म्हने न, पोरीले एवढे काहून देल्ले? आता तूच सांगजो त्यायले. तुह्या समोर देल्ले."