दोन खुर्च्यांचा सत्कार

वनमालाबाई खिरवडकरांना रायपूरच्या तात्यापाऱ्यात लोक दोन गोष्टींसाठी ओळखायचे. एक त्यांच्या हातचा चिवडा, दुसरी त्यांची जीभ. भाजीवाल्या नत्थूनं भेंडी जून दिली की, "काहून रे नत्थू, भेंडी देऊन राहिला का दात घासायची दातून?" असं म्हणून अख्खी गल्ली हसवायच्या आणि वर कोथिंबीर फुकट घेऊन यायच्या. तिसरी गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक. बाई चित्रं काढायच्या.

शिकल्या कुठे म्हणाल, तर कुठेच नाही. नवरा, पांडुरंगराव, रेल्वेत गार्ड. घरात कमी, गाडीत जास्त. पोट्टा सुशील जेवताना छळायचा, म्हणून बाईंनी ताटाशेजारच्या फरशीवर खडूनं हत्ती काढायला घेतला. हत्तीची सोंड पुरी होईपर्यंत भात पोटात. पुढे पांडुरंगराव गेले. छत्तीसगड वेगळं राज्य झालं, सुशीलला सरकारी नोकरी लागली, मग त्याचं ऑफिसच उचलून नव्या रायपुरात नेलं. सकाळी स्टाफच्या बसनं जायचा तो अंधार पडल्यावर घरी. सून रूपाली शाळेत शिकवायची. तोवर जेवताना छळायला नात आली होती, ऋता. खडू जाऊन रंगपेटी आली, एवढाच काय तो फरक.

एकदा ऋतासाठी त्यांनी रेल्वेच्या खिडकीतून तोंड बाहेर काढलेली म्हैस काढली. कपाळाला टिकली, शिंगाला पिशवी, आणि चेहरा असा की बाई माहेरी निघाल्यात, कोणी अडवून तर बघा. तेवढ्यात धाकटे दीर आले. चारुदत्तराव चौबे कॉलोनीत राहायचे, बँकेतून रिटायर झालेले, दिवस जाता जात नव्हता त्यांचा. म्हशीकडे बघत बसले.

"वहिनी, ही कुठे चालली?"

"मले काय माहीत? तुम्ही विचारा तिले."

त्यांनी विचारलं, म्हणजे घरी जाऊन गोष्ट लिहिली, म्हैस शेजारच्या दुर्ग शहरात माहेरी निघाल्याची. पुढच्या रविवारी वहिनींनी तिकीट तपासणाऱ्याला शिंग दाखवणारी म्हैस काढली, दिरांनी पुढचं पान लिहिलं. लोकांची आधी गोष्ट होते, मग चित्र. यांचं सगळं उलटं. समोर चित्र असल्याशिवाय चारुदत्तरावांचं पेन हलायचंच नाही. वहिनी पोळ्या करत असल्या की हे बिचारे ओट्याशी उभे, कणकेचा गोळा कधी संपतो म्हणून. "भाऊजी, उभेच आहात तर लाटून द्या चार," असं म्हणून वहिनी त्यांना लाटायलाही लावायच्या. त्या पोळ्यांचे नकाशे व्हायचे.

अशा रीतीनं 'म्हैस निघाली दुर्गला' हे पुस्तक झालं. पुण्याच्या एका बाईंनी ते छापलं, आणि पुढच्या वर्षी तिकडच्या एका संस्थेचा मुलांच्या पुस्तकाचा पुरस्कार त्याला मिळाला. लेखक आणि चित्रकार, दोघांना मिळून एक. चारुदत्तरावांचे गुडघे धरलेले, त्यामुळे पुण्याला जाणं झालं नाही. मग इथल्या सुबोध स्नेहमंडळानं ठरवलं, आपल्या गावात सत्कार करायचा. मंडळातल्या एकानंही पुस्तक वाचलेलं नव्हतं, पण मोबाइलवर अभिनंदनाचे अंगठे सगळ्यांनी दाखवले होते.

ऋता पुस्तक शाळेत घेऊन गेली आणि रडत घरी आली.

"मैंने बोला मेरी दादी ने बनाया है. सब हँसने लगे. बोले, कव्हर पे तो किसी अंकल का नाम है."

"आतल्या पानावर आहे ना माझं नाव."

"उतना छोटा कौन देखता है, दादी?" मग नाक पुसून म्हणाली, "प्रोग्राम में माइक पे आपका नाम बोलेंगे ना? मैं वीडियो बनाऊँगी. सबको दिखाऊँगी."

"बोलतील ना, पोट्टे. आडनावासकट बोलतील."

वनमालाबाईंना स्वतःला सत्काराचं फार काही नव्हतं. खोटं कशाला बोला, थोडं होतं. पण त्या दिवसापासून त्यांना ते नाव हवंच होतं. मोठ्यानं, माइकवर, त्या पोरीच्या मोबाइलमध्ये जाईल असं.

कार्यक्रमाच्या आधी महिला मंडळाच्या अंजनाबाई घरी आल्या.

"वनमालाबाई, स्टेजच्या मागे पडदा पाहिजे. त्या पुस्तकातल्या म्हशीचा. तुमचा हात चांगला आहे म्हणून आली."

"माझीच म्हैस आहे, मी नाही काढणार तर कोण काढणार?"

अंजनाबाई पोट धरून हसल्या. "तुम्ही बी ना! तुमची म्हैस!"

बाईंची जीभच तशी. जन्मभर लोकांना हसवलेलं, आता खरं बोलल्या तरी लोक गंमत समजायचे. त्याही हसल्या. म्हणाल्या, भाऊजी सांगतीलच त्या दिवशी. गच्चीवर कापड पसरून, कंबर धरून, दोन दुपारी उन्हात वाकून त्यांनी पडदा रंगवला.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. नव्या रायपुराहून कोणी मोठे साहेब यायचे होते, ते उशिरा आले. वनमालाबाई पहिल्या रांगेत कडेला बसल्या, लवकर उठता यावं म्हणून. जांभळी साडी, रूपालीनं नीट पिन लावून दिलेली. खांबाजवळ ऋता मोबाइल घेऊन तयार.

स्टेजवर साहेब आणि अध्यक्ष अनंतराव यांच्यामध्ये खुर्च्या दोनच. सुबोध मंडळाची रीतच तशी होती, सत्कार करायचा तो जोडीनं. नवऱ्याला शाल-नारळ, बायकोची ओटी. कोणाचं काही असो, डॉक्टर असो का वकील, खुर्च्या दोन.

अनंतरावांनी माइक धरला. "आजचे सत्कारमूर्ती श्री. चारुदत्त खिरवडकर! आणि त्यांच्या यशामागे उभ्या असलेल्या सौ. क्षमाताई!"

क्षमा, म्हणजे चारुदत्तरावांची बायको, वनमालाबाईंच्या शेजारीच बसली होती. दचकलीच. तिनं उभ्या जन्मात साधं तुळशीवृंदावनसुद्धा सरळ काढलेलं नव्हतं.

"ताई, मी काय करू तिथं?" ती पुटपुटली.

"जा ग, ओटी भरून घे. माझं मागून होईल," वनमालाबाई म्हणाल्या.

क्षमा गेली, दुसऱ्याच्या चपला घातल्यासारखी अवघडून बसली. शाल झाली, ओटी झाली, फोटो झाला. मागे पडद्यावरची म्हैस खिडकीतून बघत होती.

"दादी, अब?" ऋतानं खांबाजवळून खूण केली.

बाईंनी हातानं थांब म्हटलं.

मग चारुदत्तराव बोलायला उठले. आईबद्दल बोलले, आपल्या शाळेबद्दल बोलले, लहानपणच्या कोळशाच्या गाडीबद्दल तर खूपच बोलले. वनमालाबाईंनी पर्स मांडीवरून खाली ठेवली. पदर सारखा केला. चारुदत्तरावांची नजर एकदा त्यांच्यावर आली, आणि मागच्या रांगांवर निघून गेली.

"आणि अर्थात, घरच्या सगळ्यांची साथ होतीच. धन्यवाद."

टाळ्या. शेवटी अनंतरावांनी आभार मानले. साहेबांचे, हॉलवाल्याचे, चहावाल्या भैय्यालालचे. "आणि हा सुंदर पडदा रंगवणाऱ्या आपल्या महिला मंडळाचे!" अंजनाबाईंनी उठून सगळीकडे नमस्कार केला.

ऋता हळूहळू जवळ आली. मोबाइल अजून तसाच वर धरलेला, हात भरून आलेला.

"दादी, नाम तो बोला ही नहीं."

"एवढं लांब नाव, बोलले असते तर तुझी बॅटरी संपली असती."

पोरगी हसली नाही. घरी आल्यावर सोफ्याच्या कोपऱ्यात बसून तिनं मोबाइलमधलं सगळं पुसून टाकलं, आणि पुस्तक शाळेच्या दप्तरातून काढून कपाटात टाकलं.

रविवारी चारुदत्तराव आले. पिशवीत शाल.

"वहिनी, ही तुमची आहे."

"मले थंडी नाही वाजून राहिली, भाऊजी."

त्यांनी शाल मांडीवर घेतली. मग म्हणाले, "दोनच खुर्च्या होत्या. क्षमाले उठवून तुम्हाले बाजूले बसवलं असतं, तर लोक काय बोलले असते? दादा नाहीत. दीर-भावजय जोडीनं स्टेजवर. तुम्हालेच बोल लागला असता."

"खुर्ची कोणी मागितली?" वनमालाबाईंचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "माइक तुमच्या हातात होता. नाव घ्याले खुर्ची लागते का, भाऊजी?"

चारुदत्तराव शाल परत पिशवीत घालू लागले.

"म्हशीले विचारत होते, कुठे चालली म्हणून. मले नाही विचारलं, इथे कोण बसलं आहे."

"मी मंडळात सांगतो वहिनी. पुढच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर."

"सांगा. ऋतानं व्हिडिओ पुसला केव्हाचाच."

त्यांनी सांगितलंही, खरंच सांगितलं. अनंतराव "अरेरे" म्हणाले, अंजनाबाई "त्या म्हणाल्या होत्या, मले वाटलं गंमत" म्हणाल्या, आणि पुढचा विषय गणपतीच्या वर्गणीचा निघाला. ऋताला हे कळलं तेव्हा ती फक्त "अच्छा" म्हणाली.

चारुदत्तराव रविवारी येतच राहिले. येताना नवी रंगपेटी आणायचे, ती कपाटावर चढायची. वहिनी पोहे करायच्या, गुडघ्यांची चौकशी करायच्या, नत्थूच्या भेंडीवर बोलायच्या. कागद समोर येत नव्हता. एकदा त्यांनी स्वतःच उंटाची गोष्ट लिहायला घेतली. पहिल्याच ओळीत उंट बसला, तो उठलाच नाही.

मग एका रविवारी ते समोर असतानाच पुण्याच्या बाईंचा फोन आला. मुलं विचारतात म्हणे, म्हशीच्या पुढच्या पुस्तकाचं काय झालं? तुमची चित्रं कधी पाठवता?

"काय सांगू ताई," वनमालाबाई म्हणाल्या, "हात कापतो हो आता. पेन्सिल ठरत नाही. तुमच्याकडचं कोणी चांगलं बघा."

फोन ठेवला. गॅसवरचं पातेलं एका हातानं उचलून कपात चहा ओतला, अगदी काठापर्यंत. कप चारुदत्तरावांसमोर आणून ठेवला. बशीत एक थेंब नव्हता.

चारुदत्तराव त्या कोरड्या बशीकडे बघत राहिले.

"घ्या भाऊजी," वहिनी म्हणाल्या, आणि तांदूळ निवडायला बसल्या.