टाचेखालचा कागद

दूध तापायला ठेवलं की मावशी स्वयंपाकघरातल्या भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. पाऊल भिंतीपासून थोडं मागे, टाच जमिनीला घट्ट, आणि गुडघा सावकाश वाकवत भिंतीला टेकवायचा. उजवं पाऊल पाच बोटं लांब ठेवलं तरी गुडघा टेकायचा. डाव्याला तीनच बोटं जमायची. दोन्ही पायांचं मोजून होईपर्यंत दूध वर यायचं. नोकरीच्या अठ्ठावीस वर्षांत डावा पाय तीन बोटांच्या पुढे सरकला नाही, आणि मोजायचं एक दिवसही राहिलं नाही.

तिला सख्खी भाचरं दोनच. पण क्रीडा केंद्रातले चौदा खेळाडू तिला मावशी म्हणत आणि त्यांचे सरही. कागदोपत्री ती मालिश सहायक होती. व्हरांड्याच्या टोकाला तिची खोली. रेक्झिन फाटलेलं एक टेबल, त्यावर कायम एक टॉवेल, कोपऱ्यात बर्फाची बादली, खिळ्याला लटकणारे रबरी पट्टे. फिजिओबाई आठवड्यातून दोनदा यायच्या आणि काय करायचं ते लिहून जायच्या. उरलेले दिवस सगळ्यांचे घोटे मावशीच्या हातात असायचे.

घोट्याचं काम साधं असतं. उडी मारून पाऊल जमिनीवर आलं की घोट्यानं पुढे वाकायचं आणि भार झेलायचा. तो पुरेसा वाकला नाही तर भार गुडघ्यावर जातो, पाऊल आत कलतं, टाचेमागची शीर ताणली जाते. फिजिओबाई हे भिंतीवरच्या चित्रावर काठी ठेवून समजावत. मावशी म्हणायची, ‘‘बिजागरी गंजली की दार चौकटीतून उखडतं. बिजागरीला तेल घाला, दाराला शिव्या देऊ नका.’’

ती स्वतः लांब उडी मारायची. एकोणिसाव्या वर्षी डावा घोटा मुरगळला. मुरगळलाय फक्त, असं सगळेच म्हणाले. सूज उतरली, पण घोटा आखडलेलाच राहिला, आणि बाराव्या दिवशी ती पट्टी गुंडाळून मैदानात उतरली. पुढचं ती अगदी थोडक्यात सांगे. ‘‘मागून कुणीतरी टाचेवर दगड मारला असं वाटलं, म्हणून वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.’’ शीर तुटली होती. एवढं सांगून ती पुढच्याला टेबलावर चढायला लावायची.

दर सोमवारी व्हरांड्यात मोजमाप असे. फरशीवर भिंतीपासून सुरू होणारी, सेंटिमीटरच्या खुणांची पट्टी चिकटवलेली होती. खेळाडूनं पाऊल पट्टीवर ठेवायचं, गुडघा भिंतीला टेकवायचा आणि पाऊल हळूहळू मागे न्यायचं. टाच न उचलता गुडघा जिथपर्यंत टेकेल तो आकडा मावशीच्या वहीत जायचा. टाचेखाली ती वर्तमानपत्राचा एक कपटा ठेवे आणि ओढून बघे. कागद अडकला तर आकडा खरा, निसटला तर टाच उचललेली. दहाच्या खाली ज्याचा आकडा, त्याला पूर्ण धाव घेऊन उडी मारायला मनाई. हा नियम सरांनी मावशीच्याच सांगण्यावरून केला होता.

त्या वर्षी केंद्रात तिहेरी उडी मारणारी एक मुलगी होती. गळ्यापर्यंत नुसते पायच पाय, म्हणून सगळे तिला उंटीण म्हणत, आणि ती हाकेला ओ देत असे. हिवाळ्यात तिचा उजवा घोटा मुरगळला. आकडा सातावर आला. निवड चाचणी तीन महिन्यांवर होती. मावशी रोज तिचा घोटा दोन्ही हातांत धरून मागे दाबायची, रबरी पट्टा बांधून तिला पुढे वाकायला लावायची, पायरीच्या कडेवर टाचा खाली सोडून उभी करायची.

‘‘मावशी, अगं पाय आहे तो, कणीक नाही.’’

‘‘कणीक तुझ्यापेक्षा शहाणी असते. मळली की मऊ होते.’’

सातावरून आठ झाला, मग साडेआठ, मग एकदम दहा. सरांनी तिला पूर्ण धाव घ्यायला परवानगी दिली. पुढचे तीन सोमवारही आकडा दहाच.

मग केंद्रात दुरुस्ती निघाली. गवंड्यानं व्हरांड्यातल्या भिंतींना तळाशी वीतभर उंचीच्या फरश्या लावल्या, आणि त्या गडबडीत जुनी पट्टी उखडली. मावशीनं नवी पट्टी आणली आणि त्या फरशीला भिडवून चिकटवली. पुढच्या सोमवारी सगळ्यांचे आकडे घसरले. गोळाफेकवाला बारावरून अकरा. अडथळेवाली साडेअकरावरून साडेदहा.

‘‘काय रे, सगळे मिळून म्हातारे झालात की काय एका आठवड्यात?’’ मावशी म्हणाली.

चहा पिताना तिच्या लक्षात आलं. फरशी एक सेंटिमीटर जाड होती. पट्टी फरशीपासून सुरू होत होती आणि गुडघा मात्र फरशीच्या वर, मागच्या भिंतीला टेकत होता. चूक तिचीच होती. तिनं वही उघडली, प्रत्येक आकड्यात एक मिळवायला लागली, आणि उंटिणीच्या नावाशी थांबली. तिथे दहाच होता. तेरा जणांचा आकडा एकानं उतरला, हिचाच जागचा हलला नव्हता.

त्याचं कारणही मावशीला माहीत होतं. तिची स्वतःची कंबर दुखायची. मध्ये एका सोमवारी उंटीण म्हणाली होती, ‘‘माझ्यासाठी वाकू नकोस गं, आकडा मीच सांगते.’’ मावशीला बरं वाटलं होतं. तेव्हापासून त्या एकाच टाचेखाली कागद गेला नव्हता.

तिनं उंटिणीला बोलावलं, भिंतीशी उभं केलं आणि कंबर धरून खाली बसली. पाऊल दहावर, गुडघा भिंतीला. कागद अलगद निसटून हातात आला.

मावशीनं पाऊल पुढे सरकवलं. कागद अडकला तेव्हा पट्टीवर साडेसात होते. म्हणजे खरे साडेआठ.

‘‘मावशी, चाचणीला एकोणीस दिवस राहिलेत.’’

‘‘माहितेय.’’

‘‘दीडच सेंटिमीटर आहे गं. दुखत पण नाही. आईशप्पथ.’’

‘‘माझं पण दुखत नव्हतं.’’

‘‘तू म्हणजे मी नाही!’’

‘‘नाहीस. मला कुणी मोजलं नव्हतं.’’

‘‘लिही मग. लिही, तुझी वही भरू दे. माझं वर्ष गेलं तर तुझं काय जातंय?’’

मावशीनं लिहिलं. सरांनी वहीतला आकडा दोनदा वाचला. ‘‘मावशी, चाचणी झाल्यावर लिहिलं असतं तर नसतं का चाललं?’’

‘‘चाललं असतं. तुम्हाला. तिचा घोटा माझ्या सहीनं वाकत नाही, सर.’’

उंटीण चाचणीला गेली नाही. उन्हाळाभर ती मावशीच्या खोलीत यायची, टेबलावर पालथी पडायची आणि एक शब्द बोलायची नाही. मावशीही नाही. फक्त हात चालू. पावसाळ्याच्या शेवटी आकडा दहावर आला, कागदासकट. त्यानंतर मावशी सगळ्यांसाठीच खाली बसू लागली. त्यासाठी एक बुटकं स्टूल आलं. ते कुणी ठेवलं हे तिनं विचारलं नाही, आणि उंटिणीनं सांगितलं नाही.

पुढच्या चाचणीत उंटीण चौथी आली. तिघींची निवड झाली. ती एकतिसाव्या वर्षापर्यंत उड्या मारत राहिली, आणि तिची टाचेमागची शीर तुटली नाही. त्या एकोणीस दिवसांनी ती तुटली असती का, हे कुणालाच सांगता येणार नाही. जे झालं नाही त्याचा पुरावा नसतो. मावशीच्या निवृत्तीच्या दिवशी सरांनी भाषणात हे सांगायचा प्रयत्न केला, पण वाक्य अर्ध्यात सुटलं आणि त्यांनी शाल पुढे केली.

नंतर मावशी एकटीच राहायची. उंटीण आता दुसऱ्या गावात मुलांना शिकवते. एका रविवारी ती मुक्कामाला आली, सोबत आपल्या विद्यार्थ्यांच्या आकड्यांची वही घेऊन. सकाळी मावशीनं दूध ठेवलं आणि दोघी भिंतीशी उभ्या राहिल्या. उंटिणीनं वही चाळता चाळता एकाचा आकडा दाखवला, अकरा. मावशीनं विचारलं, ‘‘कागद घातला होतास?’’ उंटीण हसली, म्हणाली, घातला होता. मग तिची बस होती, ती निघाली. संध्याकाळी शेजारच्या बाईंनी दार ठोठावलं, तोवर मावशी गेलेली होती.

त्या सकाळी भिंतीला गुडघा टेकवलेला असतानाच, मान न वळवता, मावशी शेवटचं म्हणाली होती, ‘‘गॅस बारीक कर गं, दूध वर येतंय.’’