लतीफ मास्तरांचा आवाज अजून देणगी मागतो

लतीफ मास्तरांना फसवलं ते गंगापूर रोडवर ऑफिस थाटून बसलेल्या एका ऑनलाइन देणगीवाल्याने. मशिदीसाठी फोनवरून देणग्या गोळा करून देतो म्हणाला आणि मास्तरांचा आवाजच घेऊन बसला. सौदा मी ठरवला होता, म्हणून फसवलं त्याने मलाही. मास्तर जाऊन सहा आठवडे झाले. त्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर वर करत होतो तेव्हा भाभींचा, म्हणजे मास्तरांच्या पत्नीचा, फोन आला. छातीत दुखतंय म्हणाले आणि पाणी आणेपर्यंत संपलं होतं…

आमची ओळख नांदगावची. मी बाजारात गोण्या वाहायचो, सहीच्या जागी अंगठा उठवायचो. मास्तर तिथल्या शाळेत नव्याने आले होते आणि संध्याकाळी आम्हा हमालांना धर्मशाळेच्या ओट्यावर बसवून मराठी लिहायला शिकवायचे. हजेरी घेताना वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव घ्यायचे. दिवसभर ‘ए’ आणि ‘अरे’ ऐकणाऱ्या माणसाला कोणी ‘दत्तात्रय कारभारी’ म्हटलं की तो ताठ बसतो. पुढे मी नाशिकला आलो, सिमेंट-टाइल्सचं दुकान काढलं. मास्तरही निवृत्त होऊन इथेच आले आणि घराजवळच्या छोट्या मशिदीचे खजिनदार झाले.

मशिदीचा स्लॅब खचला होता, सळ्या दिसत होत्या. जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या, नमाजानंतर देणगीसाठी चादर फिरायची, पण तरुणांच्या खिशात आता नोटा नसतात. मास्तरांनी क्यूआर कोडचा फलक लावला. मी सुचवलं, रकमेचं सोडा, एकेक गोणी सिमेंट मागा. माणसाला गोणी डोळ्यांसमोर दिसते. ते त्यांना पटलं. देणाऱ्यांची नावं फलकावर लावू, हे मात्र पटलं नाही. देणं गुपचूप असावं, म्हणाले. त्याऐवजी ते एकेकाला फोन करायचे, नाव घेऊन दुवा द्यायचे, घरात कोण आजारी आहे ते विचारायचे. अर्ध्या गोणीचे पैसे पाठवणाऱ्या रिक्षावाल्यालाही तेवढाच वेळ. लोक पुन्हा देऊ लागले ते त्या फोनमुळे.

पण माणूस एकटा, घसा एक. तेव्हा तो देणगीवाला आला. मास्तरांचा आवाज तीन तास रेकॉर्ड करायचा, मग मशीन तोच आवाज वापरून प्रत्येकाला नावानिशी निरोप पाठवेल, व्हिडिओ आणि पैसे भरायचं पान तोच सांभाळेल. मास्तर मला म्हणाले, “दत्तू, तू चल. मला घासाघीस जमत नाही.” मी गेलो. त्याने वीस टक्के कमिशन सांगितलं, मी आठवर आणलं. चहा दोनदा झाला, मी एकदा उठून दारापर्यंत गेलो, त्याने हाताला धरून बसवलं. शेवटी हसत म्हणाला, “शेठ, आठ तर आठ. पण आवाज आमच्याकडे राहील.”

मी म्हटलं, “आवाजाला काय पैसे पडतात? ठेव.”

या वाक्यावर मी स्वतःवर खूश होतो. मास्तरांनी करार पुढे ओढला. सही त्यांची होती.

स्लॅब पडला, खालून गिलावाही झाला. मास्तरांनी सगळ्यांना कळवलं, काम झालं, आता पाठवू नका. दोन महिन्यांनी मालेगावचे एक पाहुणे त्यांना विचारू लागले की तुम्ही त्या दुसऱ्या मशिदीचं काम कधीपासून बघता, तुमचा निरोप आला, मी पैसे पाठवले. त्या गावाचं नावही मास्तरांनी ऐकलं नव्हतं. मग असे फोन वाढले. कुठे नमाजाआधी हातपाय धुवायचा वजूखाना, कुठे मिनार, आणि मागणारा आवाज मास्तरांचा. वस्तीत कोणी तोंडावर बोललं नाही, पण खजिनदाराचं पोट भरलं नाही वाटतं, असं मागून ऐकू आलं. मास्तर घाबरले. पोलीस येतील, मुलीच्या सासरी कळेल, लोक शेजारी उभे राहून नमाज पढणार नाहीत… पहिल्या रांगेत बसणारा माणूस शेवटच्या रांगेत, चपलांजवळ बसू लागला. फोन वाजला की भाभींकडे द्यायचे.

शेवटची भेट माझ्या दुकानात झाली. टाइल्सच्या ढिगावर बसले होते, चहा तसाच थंड झाला. म्हणाले, “मी खरं सांगायला फोन केला तरी लोकांना वाटतं मशीन बोलतंय. आता मी कोणत्या तोंडाने सांगू, दत्तू?” मी म्हटलं, बघतो त्याला. दिवाळीचा माल यायचा होता. आठ दिवस मी गेलो नाही. नवव्या दिवशी भाभींचा फोन आला.

मयतीनंतर गेलो त्या ऑफिसात. तो म्हणाला, करारात मुदत तुम्हीच टाकली नाहीत, शेठ. मी त्याचा कप भिंतीवर फेकला. माझ्याकडून तेवढंच झालं.

तीन आठवड्यांपूर्वी, शुक्रवारी, भाभींनी बोलावलं. पुढ्यात फोन होता, त्याला हात न लावता त्या बसल्या होत्या. मास्तरांना न सांगता त्यांनीही कधीतरी एका गोणीचे पैसे पाठवले होते, त्यामुळे त्यांचा नंबर यादीत होता. नमाजाच्या वेळेनंतर आलेला निरोप त्यांनी मला ऐकायला सांगितला. “जमीला बहन, अस्सलामु अलैकुम. मैं लतीफ मास्टर बोल रहा हूँ…” चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने बायकोचं नाव कधी घेतलं नव्हतं, ‘अजी सुनो’ एवढंच. आणि आता मेल्यावर तिला बहीण म्हणत होता, कुठल्याशा मिनारासाठी एक गोणी मागत होता. भाभी हळूच म्हणाल्या, “भाऊ, हे बंद करा. लोकांकडचं सगळं बंद करा.” मग, “माझ्याकडचं राहिलं तर चालेल का… आवाज तर त्यांचाच आहे.”

तेव्हापासून शुक्रवार आला की मी फोन गल्ल्यात उलटा ठेवतो. माझाही नंबर त्या यादीत आहे. एक दिवस तो आवाज मला पूर्ण नावाने हाक मारेल आणि मी नेहमीसारखा ताठ बसेन, याची मला भीती वाटते.

आवाज फुकट मी दिला, हे मी भाभींसमोर खाली बसून सांगितलं आहे. त्या देणगीवाल्याने आता भाभींच्या दारात यावं. कोणकोणत्या मशिदींसाठी हा आवाज विकला, किती जणांना पाठवला आणि एका विधवेला तिच्या नवऱ्याच्या तोंडून बहीण कोणी म्हणायला लावलं, ते भाभींकडे बघून सांगावं. माझं उत्तर देऊन झालं आहे. त्याचं यायचं आहे.